अकरा विजय, एक पराभव

ज्या स्पर्धेत प्रत्येक संघ प्रत्येक संघाशी खेळतो, तिचा निवाडा करण्यास गणितज्ञ लागत नाही. शेवटच्या सामन्याचा निकाल हाती आला की गुणांची बेरीज करावी, दोघांचे गुण समान झाल्यास त्यासाठी आधीच ठरवून ठेवलेले कलम लावावे, आणि विजेत्याचे नाव जाहीर करावे, एवढ्यावर काम भागते. इंग्लंडमधील प्रीमियर लीगचा शिरस्ता हाच आहे; वीस संघ, प्रत्येकाचे अडतीस सामने, आणि मे महिन्यात समोर असलेला तक्ता हाच अखेरचा फैसला. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा मामला मुळापासून निराळा आहे. तेथील सर्वोच्च विभागात आज १३० हून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत, आणि नियमित हंगामात एका संघाच्या वाट्याला साधारण १२ सामने येतात. संघ नेमके १३० धरले तरी त्यांच्या जोड्या होतात ८,३८५. प्रत्यक्षात खेळले जाणारे सामने ८०० च्या आसपास. म्हणजे दहांपैकी नऊ जोड्या त्या हंगामात एकमेकींसमोर कधी उभ्याच राहत नाहीत, आणि तरीही हंगामाच्या अखेरीस त्या प्रत्येक जोडीविषयी, यांतला श्रेष्ठ कोण, असा प्रश्न लक्षावधी लोक तावातावाने विचारतात व त्याचे उत्तर मिळालेच पाहिजे असा आग्रह धरतात.

सामने वाढवावेत, हा उपाय येथे चालत नाही. हा फुटबॉल म्हणजे आपल्या मैदानांवरचा, पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाची फळी अंगाने फोडून पुढे जाण्याचा हा खेळ आहे, त्यात हाडे मोडतात, डोक्याला मार बसतो, आणि एका सामन्याचा शीण उतरण्यास खेळाडूंना आठवडा पुरत नाही. सर्वांनी सर्वांशी खेळायचे म्हटले तर प्रत्येकास १२९ सामने खेळावे लागतील, आणि दर शनिवारी एक या हिशेबाने एकच हंगाम अडीच वर्षे चालेल. शिवाय १८६९ साली न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला सामना झाला तेव्हापासून हा खेळ त्या त्या प्रदेशातील विद्यापीठांच्या आपसांतील करारांवर वाढत गेला. कॉन्फरन्स या नावाने ओळखली जाणारी प्रादेशिक मंडळे आपल्या सभासदांचे बहुतेक सामने आपापसांतच लावतात, त्यामुळे एका मंडळाची दुसऱ्याशी गाठ क्वचितच पडते आणि तुलनेला लागणारा दाखला फारच तुटपुंजा उरतो. निकाल थोडे आणि निवाडा मोठा, ही या खेळाची कायमची अडचण असून, गेल्या शंभर वर्षांत मतदान, सूत्रे, संगणक आणि समित्या अशा जेवढ्या पद्धती पुढे आल्या, त्या सर्व याच अडचणीच्या पोटी जन्मल्या आहेत.

पहिला नेटका प्रयत्न एका अर्थशास्त्रज्ञाने केला. इलिनॉय विद्यापीठातील प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांनी १९२६ पासून आपली क्रमवारी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. शिकागोतील जॅक रिसमन या कापड-व्यावसायिकाने त्या क्रमवारीतील अग्रमानाच्या संघासाठी चषक देऊ केला, आणि नोत्र दाम विद्यापीठाचे विख्यात प्रशिक्षक न्यूट रॉकनी यांच्या आग्रहावरून हा हिशेब मागे नेऊन १९२४ पासून मांडण्यात आला, ज्या वर्षी त्यांचा स्वतःचा संघ अजिंक्य होता! डिकिन्सन यांची रीत अशी की सर्व संघांचे बलवान आणि दुर्बल असे दोन वर्ग करावेत. बलवान संघाला हरवल्यास ३० गुण, दुर्बलाला हरवल्यास २०. बलवानाकडून पराभव झाल्यास १५, दुर्बलाकडून झाल्यास १०. आणि बेरजेला सामन्यांच्या संख्येने भागून सरासरी काढावी. कोणाला जिंकलात हे किती जिंकलात याइतकेच महत्त्वाचे आहे, ही जाण येथे प्रथमच अंकांत उतरली, आणि ती फार मोलाची होती. परंतु सरासरीचा एक विपरीत परिणाम या रीतीत दडलेला होता. ज्या संघाने केवळ बलवानांना हरवून ३० ची सरासरी राखली आहे, त्याने पुढच्या शनिवारी एखाद्या दुर्बल संघाला कितीही सहज हरवले तरी त्याच्या खात्यात २० जमा होतात आणि सरासरी खाली येते. म्हणजे सामना जिंकून संघ क्रमवारीत घसरतो. जी पद्धत विजयाला दंड करते ती लोकांच्या मनात रुजत नाही, आणि डिकिन्सन यांची पद्धत १९४० नंतर थांबली.

तोवर तिची जागा घेण्यास मतदान उभे राहिले होते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने १९३६ पासून क्रीडापत्रकारांचे साप्ताहिक मतदान घेण्यास सुरुवात केली, आणि त्या वर्षाचा मान मिनेसोटाला मिळाला. १९५० पासून युनायटेड प्रेसने प्रशिक्षकांचे निराळे मतदान चालू केले. आज पत्रकारांच्या मतदानात प्रत्येक मतदार पंचवीस संघांची यादी देतो; पहिल्यास २५ गुण, दुसऱ्यास २४, असे उतरत पंचविसाव्यास १. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बोर्दा याने विद्वत्सभेच्या निवडणुकांसाठी सुचवलेली मतगणना ती हीच. आणि त्याचा समकालीन कोंदोर्से याने तिच्यावर घेतलेले आक्षेपही तेवढेच लागू पडतात.

मतदानाचा खरा दोष गणनेत नसून मतदाराच्या स्मृतीत आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी, एकही सामना झालेला नसताना, एक आरंभीची यादी प्रसिद्ध होते. आणि मग जिंकणारा संघ आपल्या जागी राहतो, हरणारा खाली जातो, त्याने रिकामी केलेली जागा खालचा भरून काढतो, असा कारभार चालतो. ऑगस्टमध्ये ज्याला तिसरे स्थान मिळाले आणि ज्याला विसावे मिळाले, त्या दोघांनी पुढे नेमकी सारखीच कामगिरी केली तरी डिसेंबरात त्यांच्यात अंतर राहतेच, आणि ते अंतर खेळाने निर्माण केलेले नसते. १९६६ साली नोत्र दाम आणि मिशिगन स्टेट यांचा सामना १०-१० असा बरोबरीत सुटला. अखेरच्या मिनिटांत नोत्र दामने जिंकण्याचा धोका पत्करण्याऐवजी वेळ काढला. मतदारांनी नोत्र दामला पहिले व मिशिगन स्टेटला दुसरे स्थान दिले, आणि ज्या अलाबामाने हंगामातील प्रत्येक सामना जिंकला होता त्यास तिसऱ्या स्थानावर ठेवले. प्रशिक्षकांचे अखेरचे मतदान तर त्या काळी नववर्षाच्या सुमारास होणाऱ्या ‘बोल’ सामन्यांच्या आधीच आटोपत असे; १९७३ साली त्यात अलाबामाला अजिंक्यपद बहाल झाले आणि त्यानंतर शुगर बोलमध्ये नोत्र दामने त्याच अलाबामाला २४-२३ असे हरवले. पुढील वर्षापासून हे मतदान बोल सामन्यांनंतर घेण्याचे ठरले. १९८४ चा अजिंक्य ब्रिगम यंग विद्यापीठाचा संघ तेरा सामन्यांत अपराजित होता खरा, परंतु त्याचा शेवटचा विजय ज्या मिशिगनवर होता त्याचा तोपर्यंतचा लेखाजोखा होता सहा विजय आणि पाच पराभव. तेरा विजयांना मान द्यावा की ते कोणावर मिळवले हे पाहावे, हा डिकिन्सन यांनी उपस्थित केलेला प्रश्न साठ वर्षांनंतरही तसाच उभा होता.

१९९०, १९९१ आणि १९९७ या वर्षी पत्रकार आणि प्रशिक्षक यांनी निरनिराळे अजिंक्य जाहीर केल्यावर मोठ्या कॉन्फरन्सनी १९९८ मध्ये एक तह केला: मतदान आणि संगणकीय क्रमवाऱ्या यांचे एकत्रित सूत्र करावे, आणि त्यातून येणाऱ्या पहिल्या दोन संघांत अंतिम सामना लावावा. बोल चॅम्पियनशिप सीरिज, अर्थात बीसीएस, या नावाची ही व्यवस्था २०१३ च्या हंगामापर्यंत टिकली. तिच्या उत्तरार्धात सहा संगणकीय पद्धती वापरात होत्या, आणि त्यांतल्या दोहोंचे अंतरंग थोडे जवळून पाहण्याजोगे आहे.

वेस्ली कोली हे मूळचे खगोलभौतिकीचे अभ्यासक. त्यांची पद्धत लाप्लासच्या एका जुन्या नियमापासून सुरू होते: विजयांच्या संख्येत एक मिळवावा, सामन्यांच्या संख्येत दोन मिळवावेत, आणि भागाकार करावा. एकही सामना न खेळलेल्या संघाचा गुणांक अशा रीतीने एकद्वितीयांश येतो, म्हणजे ज्याच्याविषयी काही ठाऊक नाही त्यास मध्यावर उभे करावे. ऑगस्टची यादी येथे मुळातच बाद होते. एक सामना जिंकणाऱ्यास दोनतृतीयांश आणि हरणाऱ्यास एकतृतीयांश मिळतो. यानंतर कोली एक पाऊल पुढे टाकतात. प्रतिस्पर्धी सारे मध्यम दर्जाचे आहेत हे गृहीतक सोडून ते प्रत्येक संघाच्या गुणांकात त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे गुणांक मिसळतात. केवळ दोन संघ आणि एकच सामना असेल तर या दुरुस्तीनंतर विजेत्याकडे पाचअष्टमांश आणि पराजितास तीनअष्टमांश येतात. कारण ज्याला हरवले तो हरल्यामुळेच किंचित हलका ठरला, आणि त्याच्यावरील विजयही तेवढाच हलका झाला. सव्वाशेहून अधिक संघ असले म्हणजे तितकीच समीकरणे मांडावी लागतात. प्रत्येकाचे उत्तर इतरांच्या उत्तरांवर अवलंबून असते आणि सर्व एकदमच सोडवावी लागतात. अ बलवान आहे कारण त्याने ब ला हरवले, ब बलवान आहे कारण त्याने क ला हरवले, आणि क बलवान आहे कारण त्याने अ ला हरवले, हे वर्तुळाकार बोलणे तर्कशास्त्रात दोष मानले जाते. बीजगणितात मात्र ते एक साधे समीकरणसमूहाचे उदाहरण होऊन बसते आणि त्याला एकच एक निश्चित उत्तर असते. मला स्वतःला या पद्धतीचे सौंदर्य येथे दिसते.

केनेथ मॅसी यांनी १९९७ मध्ये आपल्या महाविद्यालयीन प्रबंधात निराळी वाट धरली. दोन संघांच्या गुणांकांतील फरक त्यांच्या सामन्यातील गुणफरकाएवढा असावा, अशी अपेक्षा ते ठेवतात. ती सर्व सामन्यांत एकदम पुरी होणे अशक्य असते, म्हणून चुकांच्या वर्गांची बेरीज लघुतम होईल असे गुणांक शोधावे लागतात. खगोलशास्त्रज्ञ विखुरलेल्या निरीक्षणांवरून ग्रहाची कक्षा ठरवीत ते याच रीतीने. कोली केवळ जय-पराजय पाहतात; मॅसींची ही मूळ पद्धत कितीने जिंकलात हे पाहते. या दोहोंतला फरक किती खोल आहे हे २००८ च्या एका प्रकरणावरून समजते, आणि ते प्रकरण सविस्तर सांगण्याजोगे आहे.

त्या वर्षी बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सच्या दक्षिण विभागात टेक्सास, ओक्लाहोमा आणि टेक्सास टेक हे तीन संघ होते. ऑक्टोबरात डॅलस येथे टेक्सासने ओक्लाहोमाला ४५-३५ असे हरवले. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी लबक येथे टेक्सास टेकने टेक्सासला ३९-३३ असे हरवले; अवघा एक सेकंद शिल्लक असताना मायकेल क्रॅबट्री चेंडू घेऊन सीमारेषेपार गेला होता. तीन आठवड्यांनी नॉर्मन येथे ओक्लाहोमाने टेक्सास टेकची ६५-२१ अशी दाणादाण उडवली. हंगाम संपला तेव्हा तिघांच्याही खात्यावर अकरा विजय आणि एक पराभव होता, आणि तो एकुलता पराभव प्रत्येकाला उरलेल्या दोघांपैकी एकाकडून आलेला होता. दगडाने कात्री मोडावी, कात्रीने कागद कापावा आणि कागदाने दगड गुंडाळावा, तसा हा फेर होता. कोंदोर्सेने मतदानाविषयी जे चक्र वर्णिले होते ते येथे हिरवळीवर प्रत्यक्ष अवतरले.

या तीन सामन्यांपुरताच हिशेब केला तर कोलींची पद्धत तिघांनाही समान लेखते, कारण प्रत्येकाचा एक विजय आहे, एक पराभव आहे, आणि प्रतिस्पर्धी तेच आहेत. मॅसींच्या मूळ पद्धतीत गुणफरकांची बेरीज घ्यावी लागते: ओक्लाहोमाचे उणे १० आणि अधिक ४४ मिळून ३४, टेक्सासचे अधिक १० आणि उणे ६ मिळून ४, टेक्सास टेकचे अधिक ६ आणि उणे ४४ मिळून उणे ३८. तिहींना तिनाने भागले की गुणांक येतात ११.३३, १.३३ आणि उणे १२.६७. ओक्लाहोमा टेक्सासपेक्षा दहा गुणांनी श्रेष्ठ आहे असे हे सूत्र सांगते, आणि प्रत्यक्ष सामन्यात टेक्सासने ओक्लाहोमाला हरवले होते तेही नेमके दहा गुणांनी! कोणी म्हणेल, ४४ गुणांचा फरक हा अतिरेक आहे, एकदा सामना हातात आल्यावर पुढचे गुण मोजू नयेत, फरकाला एक मर्यादा घालावी. ही मागणी रास्त आहे, आणि कित्येक पद्धती तशी मर्यादा घालतात. परंतु मर्यादा किती? ती २१ ठेवली तर ओक्लाहोमाची बेरीज ११ होते आणि तो पुढेच राहतो. १४ ठेवली तर ओक्लाहोमा ४ आणि टेक्सासही ४, अशी तंतोतंत बरोबरी होते. १३ ठेवली तर ओक्लाहोमा ३ वर येतो आणि टेक्सास पुढे जातो. मैदानावर काहीही बदललेले नाही. दफ्तरातला एक आकडा चौदाचा तेरा झाला एवढेच, आणि अजिंक्यपदाच्या वाटेवरचा संघ बदलला.

प्रत्यक्षात काय झाले तेही पाहिले पाहिजे. बिग ट्वेल्व्हच्या नियमावलीत अशा तिहेरी बरोबरीसाठी कलमांची एक माळ होती. वरची कलमे निष्फळ ठरल्यावर शेवटी, बीसीएस क्रमवारीत जो वर असेल तो पुढे जाईल, असे कलम उरले. त्या क्रमवारीसाठीच्या मतदानात ओक्लाहोमा आणि टेक्सास जवळपास बरोबरीत होते, संगणकांनी पारडे ओक्लाहोमाकडे झुकवले, आणि ओक्लाहोमा कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्याला व तेथून राष्ट्रीय अंतिम सामन्याला गेला, जेथे फ्लोरिडाने त्यास २४-१४ असे हरवले. टेक्सासच्या समर्थकांनी ४५-३५ हे आकडे फलकांवर लिहून आपली तक्रार देशभर नेली. त्याच काळी आग्नेयेकडील कॉन्फरन्सच्या नियमावलीत अशा प्रसंगासाठी निराळी तरतूद होती: क्रमवारीतील पहिले दोन संघ एकमेकांच्या निकट असतील तर त्या दोघांत झालेल्या सामन्याचा निकाल ग्राह्य धरावा. त्या तरतुदीने टेक्सास पुढे गेला असता. दोन्ही कलमे शहाण्या माणसांनी आधी विचार करून लिहिलेली होती, दोन्ही समंजस होती, आणि त्याच वस्तुस्थितीतून दोहोंचे फैसले परस्परविरुद्ध निघत होते. नेट रन रेटवर एखादा संघ स्पर्धेबाहेर पडताना पाहिलेल्या आपल्याकडील क्रिकेटरसिकांना टेक्सासची व्यथा समजावून सांगण्याची गरज नाही.

गुणफरक मोजावा की नाही, हा वाद बीसीएसच्या कारभाऱ्यांनी २००२ मध्ये आपल्यापुरता मिटवला होता. आदल्या वर्षी नेब्रास्काचा संघ कोलोरॅडोकडून ६२-३६ असा हरूनही सूत्राच्या हिशेबाने अंतिम सामन्यात पोहोचला, मतदानात दुसरा असलेला ऑरेगन बाहेर राहिला, आणि मायामीने नेब्रास्काला ३७-१४ असे हरवले. त्यानंतर संगणकांनी गुणफरक विचारात घेऊ नये असा हुकूम निघाला. त्यामागे एक नैतिक विचारही होता, आणि तो मला मान्य आहे: सामना हातात आल्यानंतर केवळ क्रमवारीसाठी हतबल प्रतिस्पर्ध्यावर गुणांची रास रचणे हे विद्यार्थ्यांच्या खेळास शोभत नाही, आणि नियमाने त्यास उत्तेजन देऊ नये. परंतु या हुकमाची किंमतही मोजावी लागली. जेफ सॅगरिन यांनी तेव्हापासून दोन क्रमवाऱ्या प्रसिद्ध केल्या. एक बीसीएससाठी, केवळ जय-पराजयावर आधारलेली, जिचे मूळ बुद्धिबळातील एलो मानांकनात होते. आणि दुसरी गुणफरक धरणारी. पुढील सामन्याचे भाकीत करण्यास दुसरीच अधिक उपयोगी आहे, असे ते स्वतः स्पष्टपणे लिहीत. एलो मानांकन म्हणजे नागपूरच्या दिव्या देशमुखच्या नावापुढे छापला जातो तो आकडा. मिलवॉकीचे प्राध्यापक आर्पाड एलो यांनी ते बुद्धिबळासाठी रचले. त्यात फक्त निकाल मोजला जातो, डाव किती चालींत संपला हे कोणी विचारीत नाही. बुद्धिबळपटू वर्षभरात कितीतरी डाव खेळतो, म्हणून तेवढ्याने भागते. बारा सामन्यांच्या खेळात प्रत्येक सामन्यातून जेवढी माहिती निघेल तेवढी हवीशी वाटते, आणि तीच टाकून देण्याची सक्ती झाली होती.

सॅगरिन यांच्या या दोन क्रमवाऱ्यांत सगळ्या वादाचे मूळ उघडे पडते असे मला वाटते. ‘श्रेष्ठ कोण’ या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत. एक भूतकाळाविषयी आहे: झालेल्या सामन्यांत कोणी अधिक कमावले? दुसरा भविष्याविषयी: उद्या हे दोघे समोरासमोर आले तर कोण जिंकेल? पहिला न्यायाचा आहे, दुसरा अनुमानाचा. एका संघाने अटीतटीचे बारा सामने प्रत्येकी तीन गुणांनी जिंकले, दुसऱ्याने अकरा सामने तीस-तीस गुणांनी जिंकून एक गमावला, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर पहिला संघ आणि दुसऱ्याचे बहुधा दुसरा संघ, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. पारितोषिक देताना पहिलाच प्रश्न विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मॅरेथॉनमध्ये पहिला आलेल्याचे पदक, पुन्हा शर्यत लावली तर दुसराच जिंकेल, असे म्हणून कोणी काढून घेत नाही.

गणितज्ञांचा एक निराळा वर्ग या दोन प्रश्नांच्या मधून वाट काढतो. जर्मन गणितज्ञ झेर्मेलो यांनी १९२९ मध्ये बुद्धिबळासाठी आणि ब्रॅडली व टेरी यांनी १९५२ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या प्रतिमानात प्रत्येक संघास एक बल दिले जाते, आणि दोघांच्या बलांच्या प्रमाणात जिंकण्याची संभाव्यता ठरते. घडलेले निकाल जास्तीत जास्त संभाव्य ठरतील अशी बले मग शोधायची. अडचण अशी की जो संघ एकदाही हरलेला नाही त्याचे बल या सूत्रात अनंताकडे पळते, मग त्याचे प्रतिस्पर्धी कितीही सामान्य असोत. त्यास आवरण्यासाठी त्याच्या खात्यावर एखादी काल्पनिक बरोबरी टाकावी लागते. जेम्स कीनर यांनी १९९३ मध्ये फुटबॉल संघांच्या क्रमवारीसाठी मॅट्रिक्सच्या आयगेनसदिशाचा उपयोग दाखवला; ज्याला बलवानांनी दाखला दिला तो बलवान, ही त्यातली कल्पना पुढे गूगलच्या शोधयंत्राने संकेतस्थळांना लावली.

बीसीएसच्या काळातील एक घटना मला या साऱ्या गणितापेक्षा महत्त्वाची वाटते. सहा संगणकीय पद्धतींपैकी बहुतेकांची सूत्रे पूर्णांशाने प्रसिद्ध नव्हती. कोली यांची मात्र होती, आणि निकालांची यादी हाती असेल तर कोणासही ती घरी पडताळून पाहता येत असे. डिसेंबर २०१० मध्ये एका क्रीडाविश्लेषकाने तशी पडताळणी केली तेव्हा त्यास आढळले की वेस्टर्न इलिनॉय आणि ॲपलेशियन स्टेट या खालच्या विभागातील दोन संघांचा एक सामना नोंदीतून राहून गेला आहे. ती नोंद रुजू केल्याबरोबर एलएसयू आणि बॉइसी स्टेट यांची अखेरच्या बीसीएस क्रमवारीतील दहावी आणि अकरावी स्थाने परस्परांत बदलली, जरी त्या दोघांचा त्या सामन्याशी प्रत्यक्ष संबंध काहीच नव्हता. कोली यांनी चूक मान्य केली व क्रमवारी दुरुस्त झाली. ज्या पद्धतीचे सूत्र उघड होते तिचीच चूक सापडली. ज्यांची झाकलेली होती त्यांच्यात अशा किती चुका येऊन गेल्या असतील, हे पाहण्याचा मार्गच कोणापाशी नव्हता. ज्यांच्या हाती निवाडा दिला त्यांनी आपला हिशेब उघडा ठेवला पाहिजे, ही अट अचूकपणाच्याही आधी यावी.

बीसीएसचा अंत मात्र सूत्राच्या गुप्ततेमुळे झाला नाही. लोकांचे मत आणि सूत्राचे उत्तर वारंवार फाटत गेल्यामुळे झाला. २००३ मध्ये दोन्ही मतदानांत पहिला असलेला दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ सूत्रात तिसरा आला आणि अंतिम सामन्याबाहेर राहिला. २००४ मध्ये ऑबर्न अपराजित राहूनही बाहेर राहिला, आणि त्या हंगामानंतर असोसिएटेड प्रेसने आपले मतदान या सूत्रासाठी वापरण्यास मनाई केली. वादळ आले की सूत्राची डागडुजी करावी, असा क्रम पडला होता. आणि डागडुजी नेहमी मागच्या वर्षीच्या तक्रारीला उत्तर देई, पुढच्या वर्षीच्या नव्हे.

२०१४ पासून सूत्र बरखास्त झाले आणि तेरा सदस्यांची समिती चार संघ निवडू लागली. समितीने न्यायाचा आणि अनुमानाचा असे दोन्ही प्रश्न एकाच वेळी हाती घेतले, आणि २०२३ मध्ये ते एकमेकांवर आदळले. फ्लोरिडा स्टेटने आपले तेराही सामने जिंकले होते, परंतु नोव्हेंबरात त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय जायबंदी झाला. त्याच्यावाचून हा संघ पूर्वीचा राहिलेला नाही, असे कारण देऊन समितीने त्यास पाचवे स्थान दिले आणि एक पराभव पत्करलेल्या अलाबामास चौथे. मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता बाहेर राहण्याचा असा प्रसंग चार संघांच्या त्या व्यवस्थेत पूर्वी आला नव्हता. पुढे ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असे हरवले तेव्हा कित्येकांनी समितीचे बरोबर होते असे म्हटले. पण तोवर त्या संघातील अनेक प्रमुख खेळाडूंनी त्या सामन्यातून अंग काढून घेतले होते, आणि जो संघ मैदानावर उतरला तो तेरा सामने जिंकणारा संघ नव्हता. भाकितासाठी हा पुरावा अपुरा आहे, आणि न्यायासाठी तर गैरलागू आहे. तेरा सामने खेळून तेराही जिंकणाऱ्या विद्यार्थ्यांना, तुम्ही याहून अधिक काय करावयास हवे होते, याचे उत्तर देता येत नसेल, तर तो निवाडा सदोष आहे.

२०२४ पासून बारा संघांना प्रवेश मिळू लागला. वाद त्याने थांबला नाही, खाली सरकला. त्या वर्षी अखेरची मोकळी जागा दोन पराभवांच्या एसएमयूला द्यावी की अधिक कठीण सामने खेळून तीन हरलेल्या अलाबामाला, यावर समितीने एसएमयूच्या बाजूने कौल दिला. कॉन्फरन्स-विजेत्यांना मानाचे स्थान देण्याच्या नियमामुळे समितीच्या क्रमवारीत नववा असलेला बॉइसी स्टेट सोडतीत तिसरा गणला गेला, आणि सहावा असलेला ओहायो स्टेट आठव्या मानांकनावर ढकलला गेला. ओहायो स्टेटने नियमित हंगामाचा शेवट आपल्याच मैदानावर मिशिगनकडून १३-१० असा पराभव पत्करून केला होता. त्यानंतर त्या संघाने सलग चार सामने जिंकले, आणि त्यांतल्या शेवटच्या सामन्यात २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटा येथे नोत्र दामचा ३४-२३ असा पराभव करून अजिंक्यपद मिळवले. समितीच्या त्याच क्रमवारीनुसार, एक वर्ष आधीच्या चार संघांच्या व्यवस्थेत, त्यास प्रवेशही मिळाला नसता.